रक्तातील बाकी

आमच्या आजोळी माळ्यावर रुमालांत बांधलेली जुनी दप्तरे होती. त्यांतील जमाबंदीचे कागद उलगडून पाहिले, तर वसुलाचे आकडे कुलकर्ण्याने ऐटदार वळणात घोटून लिहिलेले आणि बाकीचा रकाना मात्र बारीक, काहीशा चोरट्या अक्षरांत भरलेला आढळे. तपासणीस आलेल्या अंमलदाराचे बोट, आजोबा सांगत, प्रथम त्या रकान्यावरच पडे. फुप्फुसाच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या औषधांचा, म्हणजे ज्याला आता घरोघर ‘केमो’ म्हणतात त्या उपचाराचा गुण रक्तातील द्रव्यांवरून जोखण्याची जी विद्या हळूहळू उभी राहिली, तिचा इतिहास वाचताना मला त्या रकान्याची वारंवार आठवण झाली. अर्बुद किती वितळले हे सांगायला पुष्कळ जण पुढे येतात. किती उरले याची खरी साक्ष देणारा शोधण्यातच या विद्येची वर्षानुवर्षे खर्ची पडली आहेत.

फुप्फुसाचे अर्बुद हाताला लागत नाही. स्तनातील किंवा मानेतील गाठ बोटांनी चाचपता येते. परंतु बरगड्यांच्या पिंजऱ्याआड, श्वासागणिक हलणाऱ्या त्या इंद्रियात काय चालले आहे, हे वैद्याला खोकल्यावरून, थुंकीतील रक्तावरून आणि पुढे क्ष-किरणांच्या काचेवर उमटलेल्या सावलीवरून ताडावे लागे. शिवाय हा रोगच एके काळी विरळा गणला जाई. न्यूयॉर्कचे आयझॅक ॲडलर यांनी १९१२ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा इतक्या दुर्मिळ विकारासाठी एवढा खटाटोप कशाला, याची जणू क्षमा मागूनच त्यांना आरंभ करावा लागला. ती दुर्मिळता सिगारेटने पुढल्या चाळीस वर्षांत साफ पुसून टाकली. सेंट लुईचे शल्यविशारद एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी ५ एप्रिल १९३३ रोजी एका रुग्णाचे एका बाजूचे संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढून त्याला वाचविले. १९५० साली अर्न्स्ट वाइंडर या विद्यार्थ्यासह त्यांनीच धूम्रपान आणि हा कर्करोग यांचा संबंध आकड्यांनिशी मांडला. आणि स्वतः कित्येक वर्षे सिगारेट ओढलेले ग्रॅहॅम १९५७ साली त्याच रोगाने गेले. ज्याचे फुप्फुस त्यांनी काढले होते, तो रुग्ण त्यांच्यामागेही काही वर्षे हिंडताफिरता होता.

शस्त्र जेथे चालत नाही तेथे औषध, हा विचार दुसऱ्या महायुद्धातील विषारी वायूंच्या अभ्यासातून पुढे आला. त्या अभ्यासातून निघालेले नायट्रोजन मस्टर्ड श्वासनलिकेच्या कर्करोगाच्या रुग्णांना दिल्याचा वृत्तान्त न्यूयॉर्कच्या डेव्हिड कार्नॉफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली प्रसिद्ध केला. पण औषधाचा गुण आला की नाही, हे ठरवावे कसे? कार्नॉफ्स्कींनी एक मोजपट्टी आखली: शंभर म्हणजे धडधाकट, शून्य म्हणजे मृत्यू, आणि मधल्या पायऱ्यांवर रुग्ण आपला व्यवसाय करतो काय, स्वतःचे स्वतः आवरतो काय, की अंथरुणालाच खिळला आहे. ही मोजपट्टी इतकी प्रामाणिक होती की ती आजही केसपेपरांवर आढळते. मात्र ती माणसाचे मोजमाप करते, अर्बुदाचे नव्हे; आणि माणूस, विशेषतः बरे वाटावे अशी ज्याची तीव्र इच्छा आहे असा माणूस, हा फार फसवा साक्षीदार असतो.

मग गाठच मोजावी, असे कोणी म्हणेल. मेयो क्लिनिकचे चार्ल्स मोर्टेल आणि त्यांचे सहकारी हॅनली यांनी १९७६ साली जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो मला कोणत्याही प्रहसनाइतका मनोरंजक वाटत आला आहे. त्यांनी बारा घट्ट गोळे एका गादीवर मांडले, त्यांवर फोम रबराचा थर पसरला, आणि कर्करोगचिकित्सेत मुरलेल्या सोळा डॉक्टरांना बोलावून, रुग्णाच्या कातडीखालची गाठ मोजावी तसे ते गोळे चाचपून मोजायला सांगितले. गोळे काही वाढणारे नव्हते की आटणारे नव्हते. तरीही एकाच गोळ्याचे माप दोन डॉक्टरांच्या हाती इतके वेगळे भरे, की काही वेळा नुसत्या हातबदलामुळेच ‘औषधाला गुण आला’ असा निर्वाळा देता आला असता. गादीवरील गोळ्याची ही कथा, तर छातीच्या आत दडलेल्या, शेजारी साचलेल्या पाण्याने आणि कोमेजलेल्या फुप्फुसाने झाकलेल्या अर्बुदाची काय असेल!

अर्बुद आपल्या अस्तित्वाचा दाखला शरीराच्या द्रवांत सोडीत असावे, ही शंका मात्र या सर्वांहून जुनी आहे. १ नोव्हेंबर १८४५ रोजी लंडनचे डॉक्टर वॉटसन यांनी सेंट जॉर्जेस रुग्णालयातील रसायनज्ञ वैद्य हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे मूत्राची एक नळी आणि सोबत चिठ्ठी पाठविली, की हे काय प्रकरण आहे ते कळवावे. मूत्र पंचेचाळीस वर्षांच्या एका प्रतिष्ठित वाणसामानाच्या व्यापाऱ्याचे होते; त्याची हाडे दुखत, आणि पुढे त्या हाडांत कर्करोगाने घर केल्याचे उघड झाले. ते मूत्र तापविले की गढूळ होई, पण अंड्याच्या बलकासारखे घट्ट होऊन बसण्याऐवजी अधिक उकळले की पुन्हा निवळे, आणि थंड होताच परत साका धरी. व्यापारी नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी वारला. बेन्स जोन्स यांचे नाव त्या विचित्र प्रथिनाला चिकटून राहिले. कर्करोगाची रासायनिक खूण म्हणून सापडलेले हे पहिले द्रव्य, आणि ते खरोखर काय आहे हे कळायला पुढे शतकाहून अधिक काळ जावा लागला. १८६९ साली मेलबर्नच्या थॉमस ॲशवर्थ यांना कर्करोगाने मेलेल्या एका माणसाच्या पायातील शिरेच्या रक्तात अर्बुदातल्यासारख्याच पेशी दिसल्या. दोन्ही नोंदी दप्तरी दाखल झाल्या आणि तेथेच राहिल्या.

या खुणेचा उपयोग रोग ओळखण्यापलीकडे, उपचाराची बाकी काढण्यासाठी प्रथम ज्याने केला, त्याची कहाणी सुखाची नाही. मिन चिऊ ली हे चीनमध्ये जन्मलेले डॉक्टर १९४७ साली अमेरिकेत आले आणि पुढे बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रॉय हर्ट्‌झ यांच्याबरोबर काम करू लागले. गर्भारपणानंतर कधी कधी वारेच्या पेशींपासूनच एक भयंकर अर्बुद उद्भवते, कोरिओकार्सिनोमा नावाचे. ते पाहता पाहता फुप्फुसांत पसरते आणि तरुण स्त्रिया रक्तस्रावाने काही महिन्यांत मरतात, असा तोवरचा शिरस्ता होता. १९५६ साली लींनी अशा रुग्णांना मेथोट्रेक्सेट दिले, आणि क्ष-किरणांच्या काचेवरील फुप्फुसांतले गोळे डोळ्यांदेखत विरून गेले. असे पूर्वी कधी घडले नव्हते. सहकारी आनंदले; औषध थांबवावे, असा साहजिक विचार झाला.

लींनी ते थांबविले नाही. हे अर्बुद गर्भारपणीचेच संप्रेरक स्रवते, आणि त्या काळी ते मोजायचे म्हणजे रुग्णाच्या मूत्राचा अर्क कोवळ्या मादी उंदरांना टोचून त्यांच्या जननेंद्रियांवर काय परिणाम झाला हे पाहायचे, असा आडवळणी व्यवहार होता. काच स्वच्छ झाली होती, रुग्ण हसतखेळत होती, पण उंदरांनी दिलेला आकडा शून्यावर आला नव्हता. तो शून्यावर येईतोवर ली औषधाच्या फेऱ्या देत राहिले. वरिष्ठांना हे अघोरी वाटले: निरोगी दिसणाऱ्या बाईला केवळ एका आकड्यापायी विष पाजायचे, हा मनुष्यावरील प्रयोग नव्हे तर काय? १९५७ साली लींना ती संस्था सोडावी लागली. मागाहून जे ध्यानात आले ते असे, की ज्यांचे औषध काच स्वच्छ होताच थांबले होते, त्यांचा रोग परतला. आणि ज्यांचा आकडा लींनी शून्यापर्यंत पिटाळून नेला होता, त्या बऱ्या झाल्या त्या झाल्याच. १९७२ साली लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत ली आणि हर्ट्‌झ या दोघांची नावे होती. वरिष्ठांचा दोष काढणे आज सोपे आहे. पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही बहुधा हेच म्हटले असते, आणि म्हणूनच लींच्या हट्टाचे मोल मला अधिक वाटते.

परंतु प्रत्येक रुग्णामागे उंदरांचा कळप बाळगून दवाखाना चालत नाही. मूत्रातून रक्तात आणि उंदरांकडून यंत्राकडे नेणारी वाट न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात तयार झाली, तीही झाडूवाल्याच्या सामानाच्या खोलीत; कारण रोझलिन यॅलो यांनी आपली पहिली किरणोत्सारी प्रयोगशाळा अशाच एका अडगळीच्या खोलीत थाटली होती. सॉलोमन बर्सन यांच्यासह त्यांनी मधुमेह्यांच्या रक्तातील इन्शुलिनवर काम केले; इन्शुलिनविरुद्ध शरीरात प्रतिद्रव्य तयार होते, हा त्यांचा निष्कर्ष एका नामांकित नियतकालिकाने नामंजूर केला, आणि ते नकाराचे पत्र यॅलोबाईंनी जपून ठेवून नोबेल पारितोषिकाच्या भाषणात जगाला दाखविले. हे पारितोषिक १९७७ चे. बर्सन पाच वर्षांपूर्वीच वारले होते.

त्यांच्या युक्तीला रेडिओइम्युनोॲसे म्हणतात. नाव अवजड आहे, पण युक्ती पंगतीची आहे. मांडवात पाट मोजके आहेत. त्यांवर कपाळी टिळा लावलेले, मोजून आणलेले ब्राह्मण बसविले आहेत. एवढ्यात आगंतुक आले. जितके आगंतुक अधिक, तितके टिळेवाले उठून बाहेर पडणार. तेव्हा आत टिळे किती उरले हे मोजले की आगंतुकांना न मोजताही त्यांची संख्या कळते. पाट म्हणजे प्रतिद्रव्य, टिळा म्हणजे किरणोत्सार, आणि आगंतुक म्हणजे रुग्णाच्या रक्तातील ते द्रव्य, जे एका मिलिलिटरात ग्रॅमच्या अब्जांश भागांनी असते. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे होते. किरणोत्सारी द्रव्ये रोगनिदानाच्या कामी लावणारे अणुशक्ती खात्याचे केंद्र १९६३ मध्ये त्याच्याच शेजाराला आले, तेव्हा ही विद्या आपल्या दारापर्यंत पोहोचली होती असे म्हणायला हरकत नाही.

मोजण्याचे साधन हाती आले, आता मोजावयाचे काय? १९६५ साली माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एक द्रव्य सापडले, जे गर्भाच्या आतड्यातही असते. त्याचे लघुनाम सीईए. चार वर्षांनी ते रक्तात मोजता येऊ लागले आणि काही काळ असे वाटले, की आता रक्ताच्या एका थेंबावरून कर्करोगाची झडती घेता येईल. ही आशा थोडक्यातच ओसरली. सीईए फुप्फुसाच्या कर्करोगातही वाढलेले आढळले, हे चांगलेच. पण ते यकृत बिघडलेल्यांत वाढलेले आढळले, आणि ज्यांना काहीही झालेले नाही अशा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही आढळले. १९८० साली अमेरिकेत तज्ज्ञांची बैठक बसली आणि तिने फैसला दिला, की निरोग्यांत रोग हुडकण्याच्या कामी हे द्रव्य निरुपयोगी. ज्याचा रोग ठाऊक आहे त्याच्यावर नजर ठेवण्यास मात्र उपयोगी. झडतीच्या कामातून सीईए बडतर्फ झाले आणि बाकीच्या रकान्यावर नेमले गेले. माझ्या मते ती त्याची पदोन्नतीच होती.

फुप्फुसाच्या कर्करोगाला त्याचा स्वतःचा असा साक्षीदार मिळाला तो एका अनपेक्षित बाजूने. या कर्करोगाचा एक प्रकार लहान पेशींचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ओटच्या दाण्यांसारख्या दिसतात म्हणून जुने डॉक्टर त्याला ओट-सेल म्हणत. तो फार वेगाने पसरतो, म्हणून शस्त्रक्रियेला बहुधा दाद देत नाही. पण केमोला मात्र सुरुवातीला फार छान दाद देतो, आणि काही महिन्यांनी तितक्याच हमखास उलटतो. असा रोग म्हणजे बाकी काढणाऱ्याची खरी परीक्षा. या पेशींची चाल काहीशी मज्जापेशींसारखी असते. १९२८ सालीच डब्ल्यू. एच. ब्राउन यांनी फुप्फुसातील अशाच अर्बुदाने एका स्त्रीला दाढी फुटल्याची आणि मधुमेह झाल्याची हकीगत नोंदविली होती. फुप्फुसातले अर्बुद संप्रेरके स्रवू शकते, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. इकडे १९६५ साली ब्लेक मूर आणि मॅकग्रेगर यांनी गाईच्या मेंदूतून एक प्रथिन वेगळे काढले आणि त्याला चौदा-तीन-दोन असे रुक्ष नाव दिले, एखाद्या सर्व्हे नंबराला शोभेल असे. पुढे ते साखर जाळण्याच्या कामी येणारे विकर निघाले, म्हणून न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज, थोडक्यात एनएसई, हे नाव पडले.

या दोन धाग्यांची गाठ १९८२ साली पडली. बेथेस्डाच्या कर्करोग संस्थेतील कार्नी, मारँगोस, मिना, गझदर आदींनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की लहान पेशींच्या कर्करोगाचा उपचार सुरू होण्यापूर्वी सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या रक्तात एनएसई वाढलेले असते, रोग जितका पसरलेला तितके अधिक, केमोला गुण आला की ते उतरते आणि रोग परतला की पुन्हा चढते. ज्या पत्त्यावरून लींना निघावे लागले होते, त्याच पत्त्यावरून पंचवीस वर्षांनी हा निबंध निघाला, ही गोष्ट मला उगीच लक्षात राहिली आहे.

त्यानंतर साक्षीदारांची रांग लागली. १९९३ च्या सुमारास जर्मनीतून सायफ्रा २१-१ आले. पेशीचा सांगाडा ज्या केराटिनाने बांधलेला असतो त्याचा हा तुकडा, पेशी मोडली की रक्तात वाहून येणारा, आणि नावातले आकडे तो पकडणाऱ्या दोन प्रतिद्रव्यांच्या क्रमांकांवरून आलेले. पाठोपाठ जपानातून प्रो-जीआरपी आले, ज्याचे मूळ चक्क एका भेकाच्या कातडीत आहे: पोटावर तांबड्या ठिपक्यांचा जो युरोपीय भेक, त्याच्या कातडीतून इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी बाँबेसिन नावाचे द्रव्य काढले होते, आणि त्याचा सस्तन प्राण्यांतील भाऊबंद लहान पेशींचे अर्बुद भरभरून स्रवते. तो स्वतः रक्तात टिकत नाही, म्हणून त्याच्या पूर्वरूपाचा टिकाऊ तुकडा मोजायचा. कामाचा शिरस्ता मात्र सर्वांचा एकच ठरला. पहिल्या केमोच्या आधी एक नमुना, मग फेरीगणिक एक. एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने. आणि एकट्या आकड्याकडे न पाहता त्यांच्या उताराकडे पाहायचे. पहिल्या काही दिवसांत आकडा चढला तर घाबरायचे नाही, कारण मरणाऱ्या पेशी आपला ऐवज रक्तातच टाकतात.

गेल्या तीस वर्षांत या द्रव्यांच्या पलीकडे खुद्द अर्बुदाच्या डीएनएची मोजणी सुरू झाली आहे. तिचे बीज १९४८ मधले. स्ट्रासबुर्गच्या मांदेल आणि मेते यांनी माणसाच्या रक्तद्रवात मोकळी न्यूक्लिइक आम्ले दाखविली, तेव्हा डीएनएची जोडजिन्याची रचनाही कोणास ठाऊक नव्हती आणि त्या टिपणाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. १९७७ साली लिऑन व सहकाऱ्यांनी कर्करोग्यांच्या रक्तात हा डीएनए अधिक असल्याचे आणि किरणोपचाराने गुण आलेल्यांत तो घटल्याचे दाखविले. २००४ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगातील ईजीएफआर जनुकाचा बिघाड सापडला. २०१६ च्या जूनमध्ये तो बिघाड रक्तातून ओळखण्याची परीक्षा अमेरिकेत अधिकृत झाली. २०१७ साली चार्ल्स स्वॉन्टन यांच्या लंडनमधील चमूने शस्त्रक्रिया झालेल्यांच्या रक्तात अर्बुदाच्या डीएनएचा पाठलाग केला, तेव्हा रोग परतल्याची वर्दी रक्ताने सीटी स्कॅनच्या आधी दिली: साधारण सत्तर दिवस आधी, एका रुग्णात तर जवळजवळ वर्षभर आधी. हा डीएनए रक्तात फार तर दोनतीन तासांत निम्म्यावर येतो, म्हणजे आजचा आकडा आजचाच.

येथे कोणासही वाटेल, की लींचा वारसा पूर्ण झाला. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी मला विसरता येत नाही. ती स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगाची होती, रक्तात फिरणाऱ्या अर्बुदपेशींची, म्हणजे ॲशवर्थना दिसलेल्याच पेशींची. पहिल्या केमोनंतर तीन आठवड्यांनीही ज्यांच्या रक्तातील पेशी कमी झाल्या नाहीत, त्यांतील निम्म्यांचे औषध तेथल्या तेथे बदलले, उरलेल्यांचे तेच चालू ठेवले. आकडा खोटा नव्हता. ज्यांच्या पेशी उरल्या त्या खरोखरच लवकर गेल्या. पण औषध बदलल्याने कोणाचेही आयुष्य वाढले नाही. लींच्या हाती आकडाही होता आणि त्याला शून्यावर नेणारे औषधही. येथे बाकी बिनचूक निघाली आणि ती वसूल करायला शिपाईच नव्हता. फुप्फुसाच्या कर्करोगात आकडा चढताच औषध बदलावे काय, यावर म्हणूनच डॉक्टर अजून सावध बोलतात, आणि स्कॅन पाहिल्याशिवाय सहसा हलत नाहीत.

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणत असू, हाच लहान पेशींचा रोग झाला होता. तिसऱ्या केमोपूर्वी एनएसईचा आकडा एकाएकी दुपटीवर गेला. ताई रात्रभर तो कागद हातात घेऊन बसली. मी तिला मरणाऱ्या पेशींचा सिद्धान्त सांगितला, जो मला स्वतःलाच पटत नव्हता. सकाळी डॉक्टरांनी तो कागद पाहिला, भुवया उंचावल्या आणि नमुना तपासून घ्या म्हणून प्रयोगशाळेत फोन केला. आम्ही तिथे गेलो तेव्हा पांढऱ्या डगल्यातल्या तरुण मुलाने फ्रिजमधून एक बारीक नळी काढून ताईसमोर धरली.

“काकू, हे बघा. सीरम पिवळसर दिसायला हवं. हे गुलाबी आलंय. रक्त फुटलंय, आणि तांबड्या पेशींत हे एनएसई मुळातच असतं, म्हणून आकडा वाढला. उद्या पुन्हा घेऊ.”

“म्हणजे रोग वाढला नाही?” ताईने विचारले.

“ते उद्याच कळेल, काकू.”

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या हाताच्या शिरा, केमोने दोरीसारख्या कडक झालेल्या, गरम पाण्याच्या पिशवीने शेकून त्याने डाव्या मनगटाजवळची एक शोधली, आणि सिरिंजचा दांडा इतका सावकाश ओढला की अण्णांनीच त्याला “घाई नाही रे, बाबा” म्हटले. नळी हलवली नाही, फडताळावर उभी ठेवली. ताईने घड्याळ पाहिले. अर्ध्या तासाने ती यंत्रातून फिरून आली तेव्हा त्याने ती खिडकीच्या उजेडापुढे धरली. तळाशी तांबडा गोळा आणि वर जव भिजवलेल्या पाण्यासारखा स्वच्छ, पिवळट द्रव. त्याने मान डोलावली. अहवाल संध्याकाळी पाचनंतर मिळणार होता.